दिनूनं काढून टाकलेला डबा

हौशी नाटकवाल्यांकडे नाटकं कमी आणि किस्सेच जास्त साठतात. आमच्या मुलुंडच्या ग्रुपचे निम्मे किस्से दिनू परबनं लिहिलेल्या एकाच एकांकिकेचे. मी प्रॉम्प्टर, त्यामुळे सगळे विंगेतून पाहिलेले. सांगताना हसतो, पण मान खालीच जाते.

एकांकिका अशी. मिल बंद पडलेली, पण बाप घरी न सांगता रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसून खातो. बाप झाला होता वश्या, त्याची बायको नलू. डबा नलूचा, नवाकोरा, चकचकीत. डबा उघडण्याआधी वश्या चोरासारखं इकडेतिकडे बघायचा. सोसायटीचा हॉल हसून लोटपोट! पुढच्या रांगेत दिनूचे वडील, तात्या. मिलच्या संपानंतर त्यांनी हेच केलं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. विंगेत कोणी कोणाकडे बघेना.

*

पुढच्या प्रयोगाला दिनूनं नाटकातून डबाच काढून टाकला. वश्या सवयीनं बागेत येऊन बसला, आता हातात काहीच नाही. मी आतून ओरडतोय, "बोल काहीतरी!" शेवटी तो प्रेक्षकांना म्हणाला, "ऊन आहे ना आज?"

*

बोरीवलीच्या प्रयोगात बाप थेट सुपरवायझर झाला. मुलुंडचा प्रयोग बघितलेला एक जण उठून म्हणाला, "अहो, हे तर बेकार होते ना?"

वश्यानं विंगेतल्या दिनूकडे बोट दाखवलं. "यांनी नोकरीला चिकटवलं!"

*

तालमीत नलूनं दिनूला धरलं. "दिन्या, लोकांनी बघितलेलं आता कसं पुसणार तू?"

"माझं नाटक आहे. मी वाटेल ते बदलीन."

"नाटक तुझं रे. पण ते दिवस तात्यांचे ना?"

दिनूनं हातातली वही मिटली. मग म्हणाला, "त्या डब्याच्या प्रयोगापासून तात्या माझ्याशी बोलले नाहीत गं."

*

घाटकोपरला दिनूनं तात्यांना मुद्दाम आणलं. आता नाटकात शेवटी बापाचा शाल देऊन सत्कार होता. प्रयोग संपल्यावर तात्या मेकअपच्या खोलीत आले, हातात कापडी पिशवी. आम्ही सगळे उभे राहिलो. दिनू पडद्याची दोरी गुंडाळत पाठमोरा.

"तुझो तो चकचकीत डबो खंय रे?" त्यांनी वश्याला विचारलं.

वश्यानं खांद्यावरची शाल काढून ठेवली.

तात्यांनी पिशवीतून पोचे पडलेला अॅल्युमिनियमचा डबा काढला आणि दिनूच्या हातात दिला.

"बागेतलो डबो ह्यो."