दोन इंच जास्त

मास्तरांचं गुरुवारशी जुनं सख्य होतं. गिऱ्हाइकाने कुठल्याही वारी कापड टाकलं, तरी मास्तर गळ्यातल्या टेपचं टोक चाळवत सांगायचे, "गुरुवारी या." कुठल्या गुरुवारी, हे त्यांनी एकतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि गिऱ्हाइकांनीही विचारायचं सोडून दिलं होतं. कपडा मात्र असा बसायचा की माणूस आरशासमोरून हलायचा नाही, म्हणून सगळं खपून जायचं. हे सगळं मास्तर स्वतःच सांगतात. त्यांची फजिती सांगायला दुसरं कुणी लागत नाही, ते एकटे पुरतात. ही रोबोची गोष्टही मूळ त्यांचीच, फक्त ते सांगताना शेवटाकडे जरा घाई करतात.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. खिडकीपाशी शिलाई मशीन, मधे कापायचं टेबल, भिंतीलगत दिवाण. त्या दिवाणाच्या कडेला बसून त्यांची बायको दिवसभर तुरपाई आणि काज-बटणं करायची. सगळं गाव तिला काकू म्हणतं. काकूंची तुरपाई इतकी बारीक की मास्तर गिऱ्हाइकासमोर पँट उलटी करून म्हणायचे, "टाका शोधून दाखवा, शिलाई फुकट." आजवर कुणाला सापडला नाही. आणि संध्याकाळी, मास्तर टेप खुंटीला अडकवून चहाची वाट बघत बसले, की काकू कमरेत वाकून खोलीभरचं कातरण, दोरे, खडूची पूड आणि टाचण्या झाडून काढायच्या. एकतीस वर्षांच्या संध्याकाळी. मास्तरांना वाटायचं, खोली आपोआप स्वच्छ होते.

मग एक दिवस काकूंची कंबर धरली, ती सोडेच ना. कळ डाव्या पायात उतरली. व्यायामाच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे मास्तरांचंच एक गिऱ्हाईक, यांनी तपासून बजावलं, "वाकायचं नाही. बसताना दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकलेले हवेत. वर्षभर सांभाळलं तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. आणि मास्तर, माझ्या कोटाचं काय झालं?"

कोटाचा विषय निघाल्याबरोबर मास्तरांचे कान बंद झाले. त्यामुळे त्यांच्या डोक्यात एवढंच शिरलं की बायकोने वाकायचं नाही. पण ते शिरलं ते मात्र खोल. ऑपरेशन हा शब्दही कानात राहिला होता. काकूंवाचून हे घर कसं चालेल, हे त्यांनी रिक्षात मनातल्या मनात चालवून बघितलं, तर ते दारापर्यंतही पोचलं नाही.

मुलीने फोनवरून तोडगा काढला. "बाबा, झाडणारा रोबो घ्या. गोल तबकडीसारखा असतो, आपला आपण फिरतो. मी यादी पाठवते."

"बघतो," मास्तर म्हणाले. "गुरुवारपर्यंत ठरवतो."

काकूंनी कपाळाला हात लावला.

मास्तरांनी मापाची नवी वही काढली. प्रत्येक रोबोला एक पान. उंची, घेर, वजन, पोटात कचरा किती मावतो, एका चार्जिंगवर किती चालतो. दुकानात जाऊन ते गुडघे टेकून बसायचे आणि रोबोच्या कमरेला टेप लावायचे. विकणारा पोरगेला माणूस पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी त्याने स्टूल दिलं, तिसऱ्या दिवशी तो मास्तरांना पाहून गोदामात निघून गेला. कारण तिसऱ्या दिवशी मास्तर ट्रायल घ्यायला आले होते. ट्रायलशिवाय कपडा द्यायचा नाही, हा त्यांचा धंद्याचा नियम, मग घ्यायचा तरी कसा? खिशातून त्यांनी घरच्या कातरणाची पुडी काढली आणि दुकानाच्या चकाचक फरशीवर उधळली. पहिल्या रोबोने दोऱ्याचं एक टोक गिळलं आणि चौथ्या फेरीला ब्रशाला रिळासारखा दोरा गुंडाळून घेऊन गप्प पडला. दुसऱ्याने सगळं कातरण ढकलत ढकलत एका कोपऱ्यात नेलं आणि समाधानाने घरी, म्हणजे चार्जिंगला, गेला. "हा माझ्यासारखाच आहे," मास्तर म्हणाले. उरलेला कचरा शेवटी दुकानातल्या बाईने साध्या झाडूने काढला, आणि काढताना मास्तरांकडे असं बघितलं की त्यांनी पुढची ट्रायल आठवडाभर लांबवली.

असे गुरुवार येत गेले, जात गेले. तीन महिने झाले. एक मॉडेल पसंत पडावं तर शेजारी त्याचा धाकटा भाऊ निघायचा, जास्त जोराने हवा ओढणारा. एकाला पुसायचं फडकं होतं पण त्याला गालिचा कळत नव्हता. एक बोलायचा. "घरात बोलणारे पुरेत," म्हणून मास्तरांनी त्याच्यावर काट मारली. वहीची चाळीस पानं भरली. एक ना धड, भाराभर चिंध्या, आणि चिंध्यांचं म्हणाल तर त्या खोलीत होत्याच.

मधल्या काळात झाडत कोण होतं? मास्तर. तात्पुरते. ते झाडू इस्त्रीसारखा धरायचे, खोलीच्या मधोमध उभं राहून पुढे-मागे फिरवायचे आणि कचऱ्याला सगळीकडे सारखा पसरवायचे. काकू दिवाणावर बसून सांगायच्या, "अहो, टेबलाखाली. अहो, मागे. अहो, तुमच्या पायाखाली." मास्तर म्हणायचे, "रोबो येतोय, हे शेवटचे चार दिवस." टाचण्या त्यांच्या तळव्याला सापडायच्या.

चौथ्या महिन्यात ते पुन्हा एकदा दुकानातून परत आले, तर खोली लख्ख होती आणि काकू आडव्या होत्या, तोंड भिंतीकडे करून. झाडू जागेवर नव्हता, दिवाणाला टेकलेला होता.

"अगं, कशाला वाकलीस?"

"गिऱ्हाईक येणार होतं," काकू भिंतीला म्हणाल्या. "टाचणी रुतली असती कुणाला."

मास्तरांना आपल्या चाळीस पानांची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दुकानात गेले आणि वार न बघता रोबो घेऊन आले. शेवटी निवडला तो रबरी रोलरचा, दोरा न गुंडाळता सरळ पोटात घेणारा. त्याच्यात एकच खोट होती. डोक्यावर, वाट शोधण्यासाठी, एक बुटकी टोपी होती, त्यामुळे उंची पावणेचार इंच भरायची, आणि दिवाणाखाली जागा होती सव्वातीन. नेमकं सगळं कातरण जाऊन बसायचं ते दिवाणाखालीच.

म्हणजे अर्धा इंच कमी. पण मास्तर जातीचे शिंपी. कापड कमी पडलं तर जोडता येत नाही, जास्त असलं तर दुमडता येतं, हे त्यांना त्यांच्या उस्तादाने कानाला धरून शिकवलेलं. काहीही कापताना ते दोन इंच माया सोडायचेच. सुताराकडून त्यांनी चार ठोकळे करून आणले, दोन-दोन इंची, आणि दिवाणाच्या पायांखाली ठोकून बसवले.

रोबो सुटला. टेबलाला वळसा घालून, शिलाई मशीनच्या पायाला हळूच धक्का देऊन, तो दिवाणाखाली अलगद शिरला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. वरती काकू बसल्या होत्या, त्याही हसल्या. मुलीला व्हिडिओ गेला. गिऱ्हाइकांना रोज संध्याकाळी प्रात्यक्षिक. कपड्याची ट्रायल आटपली तरी कुणाला जाऊ द्यायचे नाहीत, "थांबा, आता दिवाणाखालून येईल बघा." एक-दोन गिऱ्हाइकं तर म्हणे कापड घेऊन दुसऱ्या शिंप्याकडे वळली.

तीन आठवडे झाले आणि काकूंची कंबर पुन्हा बोलू लागली. आधी संध्याकाळी, मग दुपारपासून. पायातली कळ परत आली.

मास्तर चक्रावले. रोबो आला, वाकणं संपलं, मग दुखतं का? त्यांनी रात्रभर नाही, पण चहा होईपर्यंत विचार केला आणि एकच उत्तर निघालं. ही गुपचूप झाडतेय.

"खरं सांग, तू झाडतेस ना?"

"नाही हो."

"तुला त्याचं झाडणं पसंत नाही. मला माहीत आहे."

काकूंनी सुई तोंडात धरली होती, त्या काही बोलल्या नाहीत. मास्तरांना ती कबुली वाटली. आता सांगायला त्यांना लाज वाटते, पण सांगतात: त्यांनी झाडूच्या मुठीला निळा खडू चोळून ठेवला. बायकोचे हात पकडायला. आठ दिवस ते तिचे तळवे चोरून बघत होते. खडू जसाच्या तसा राहिला. फक्त एकदा तो मास्तरांच्याच सदऱ्याला लागला आणि डाग काकूंनी धुतला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. त्यात चोर कोण, हे अजून पुढेच होतं.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाई कोटासाठी आल्या. गुरुवार होता, फक्त सांगितल्यापासूनचा बाविसावा. मास्तरांनी सवयीने रोबो सोडला. बाईंनी रोबोकडे बघितलंच नाही. त्या दिवाणाकडे बघत होत्या. काकू कडेला बसून काज करत होत्या आणि त्यांचे दोन्ही पाय शाळेच्या बाकावरच्या मुलीसारखे हवेत लोंबत होते. रोबो त्यांच्या टाचांखालून निघून गेला.

"हे पाय कधीपासून असे आहेत?" बाईंनी विचारलं.

"कसे?" मास्तर म्हणाले.

"हवेत! मास्तर, मी काय सांगितलं होतं? पाय टेकलेले हवेत म्हणून. दिवसभर असं बसल्यावर सगळा भार कमरेवर येणार नाही तर कुठे जाईल?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. बायकोसमोर गुडघे टेकले. टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत टेप धरला. गावातल्या निम्म्या माणसांच्या पायांची मापं त्यांना तोंडपाठ होती. चाळीस रोबोंची उंची त्यांच्या वहीत होती. हे माप त्यांनी पहिल्यांदाच घेतलं.

"साडेपंधरा," ते म्हणाले. मग दिवाणाला टेप लावला. "साडेसतरा."

डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या. कोट अजून एका बाहीचाच आहे हे पाहूनही काही न बोलता निघून गेल्या.

"अगं, बोलायचं नाहीस का?" मास्तरांचा आवाज चढला, आणि चढता चढताच फुटला. "महिनाभर कळा काढत बसलीस. वर मीच तुझ्यावर... अगं, एक शब्द तरी!"

"चार महिने वही घेऊन फिरत होतात," काकू म्हणाल्या. "ठोकळे बसवलेत तेव्हा तोंड कसं खुललं होतं तुमचं. म्हटलं, होईल सवय. तुमच्या दोन इंचांची सवय आहे मला."

"माझ्या दोन इंचांची?"

काकूंनी अंगातल्या गाऊनची खालची कड उलटून दाखवली. आत दोन इंच दुमड होती, कडेकडेने त्यांची ती न दिसणारी तुरपाई.

मास्तरांनी ती दुमड बोटाने चाचपली. बायकोचे कपडे ते माप न घेता बेतायचे. "तिचं माप माझ्या डोळ्यात आहे," हे त्यांनी किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल. लग्नात पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती उंच टाचांच्या चपलांवर होती. तेव्हापासून डोळ्यात ती तेवढीच राहिली होती.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे. पहिल्यापासून."

मास्तरांना रडू आलं, आणि ते लपवायला ते ठोकळे काढायच्या निमित्ताने दिवाणाखाली डोकं घालून बसले. चारही ठोकळे काढले. काकूंचे पाय फरशीला टेकले. टेकल्यावर त्यांनी जो श्वास सोडला, तो मास्तरांना दिवाणाखाली ऐकू आला.

आता रोबो रोज संध्याकाळी दिवाणापर्यंत येतो, टोपी आपटतो आणि माघारी वळतो. दिवाणाखालचं मास्तर स्वतः काढतात, पोटावर आडवे होऊन, हात आत घालून. काकू वरून सांगतात, "अहो, डाव्या कोपऱ्यात." सगळ्यात जास्त टिकलेला रोबो हाच, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगतात आणि स्वतःच्या पोटावर थाप मारतात. ते इथे थांबतात. पुढचं काकू सांगतात.

ठोकळे काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी कपाटातले सात गाऊन काढले आणि कापायच्या टेबलावर ठेवले. मास्तरांनी मापाच्या वहीत नवं पान उघडलं होतं. खांदा, छाती, उंची, सगळं लिहिलेलं, काकूंना अनवाणी उभं करून घेतलेलं.

"अल्टरचे आहेत," काकू गिऱ्हाइकासारख्या म्हणाल्या. "कधी मिळतील?"

तोंडात इतकी वर्षं बसलेला शब्द. "गुरुवारी," मास्तर म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या आणि सवयीप्रमाणे विचारलं नाही, कुठल्या.

बुधवारी दुपारीच सातही गाऊन इस्त्री करून दिवाणावर ठेवलेले होते. कडेची तुरपाई मास्तरांनी स्वतः हाताने घातली होती. टाके जाड होते, आणि कुणालाही लांबूनसुद्धा दिसले असते.