टाकीतलं तेल आणि आलेलं स्थळ

मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलीनं माझ्या अंगावर हंडाभर पाणी ओतलं. चूक तिची नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सणसरचे, उसावर वाढलेले. मामांचं घर इंदापूरकडं, उजनीच्या पाण्याच्या काठाला, आणि मुलीचं घर बरोब्बर समोरच्या तीरावर. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. निघताना आईनं बजावलं, "हे स्थळ हुकलं तर मी काय कुणाला तोंड दाखवणार न्हाय." (पसंत पडत नव्हतं ते माझं तोंड, आणि लपवणार होती ती!)

मामांनी बारामतीच्या भंगारातून नावेच्या मागं लावायचं एक म्हातारं इंजिन आणलं होतं. ते चाले पेट्रोलवर, पण पेट्रोलात आधी ऑइल कालवावं लागे. "एसटीनं वळसा कशाला?" मामा म्हणाले. "इंजिनाच्या नावंतनं जाऊ. पावणं बघतच ऱ्हातील."

मामांनी टाकीत पेट्रोल ओतलं आणि वर मोजून कपभर ऑइल. मला ते बघवेना.

"मामा, एवढ्या टाकीला एवढंच?"

"मेस्त्रीनं एवढंच सांगितलंय."

"खताच्या पोत्यावर बी लिवलेलं असतंय. आपुन उसाला तेवढंच घालतो का?"

मामा विचारात पडले. ऊसवाल्या माणसाला हा मुद्दा खोडता येत नाही. "व्हय की," ते म्हणाले, "जुनं हाय बिचारं, अंगी लागंल." उरलेला ऑइलचा डबा मी स्वतःच्या हातानं टाकीत उपडा केला.

इंजिन सुरू झालं आणि पाठीमागचं इंदापूर दिसेनासं झालं. निळा-पांढरा धूर नुसता! भर पाण्यात त्याला ढास लागली आणि ते गप्प पडलं. मामांनी प्लग काढला, तर तो तेलानं निथळत होता.

"रुमाल दे," मामा म्हणाले. दिला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. रुमाल भिजला तेव्हा त्यांनी माझ्या नव्या पांढऱ्या शर्टाचं टोक ओढलं.

"मामा, मुलगी बघायला चाललोय!"

"पोचलास तर बघशील."

शेवटी आम्ही पलीकडच्या तीराला लागलो ते धुराच्या ढगातूनच. वर गलका ऐकू आला, "नाव पेटली, नाव पेटली!" माणसं हंडे-कळश्या घेऊन धावली. सगळ्यात पुढं एक मुलगी होती, आणि तिचा नेम चांगला होता.

मग मुलीच्या वडिलांच्या कोरड्या धोतरात बसून मी पोहे खाल्ले. मुलीला काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. चौकशी माझीच चालली होती. तिच्या वडिलांनी विचारलं, "त्याल कुणी घातलं?" मामांनी निमूटपणे माझ्याकडं बोट केलं. हेही स्थळ गेलं, असं धरून मी मान खाली घातली.

तिच्या वडिलांनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले. मग म्हणाले, "त्याल घालायला हात सढळ हाय. पोरगी उपाशी न्हाय ऱ्हायाची. आपला होकार हाय."

मामा आता नाहीत. रस्त्यात एखादी जुनी गाडी तसा धूर सोडत गेली, की लोक नाकाला रुमाल लावतात आणि मी खोल श्वास घेतो. मामांची फार आठवण येते.

सासरे माझ्या सढळ हातावर भाळले, बायको मात्र सावध निघाली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं गोडेतेलाचा डबा कुलपात ठेवला. किल्ली अजून मला सापडलेली नाही.