आत्याचा खिसा

आमची आत्या दवाखान्यात नर्स. नवा ड्रेस आणला की आधी त्याला खिसा शिवणार. पेन, कात्री, चिकटपट्टी, सगळं हाताशी हवं. "बिनखिशाचे कपडे बसून खाणाऱ्यांसाठी," असं ती फणकाऱ्याने म्हणायची.

निवृत्तीच्या समारंभाला आईने तिला हट्टाने बिनखिशाचा रेशमी ड्रेस घालायला लावला. आत्याचे हात काही जागेवर राहीनात, सारखे कमरेपाशी चाचपत होते. भाषणं संपायच्या आत तिने मला ओढलं. "चल घरी, जीव नुसता कासावीस झालाय."

घरी येताच तिने युनिफॉर्मचा खिसा उसवला आणि मशीनवर बसून ड्रेसला लावला. ड्रेस पुन्हा चढवला, खिशात हात घातला आणि ती तशीच उभी राहिली.

"आता यात ठेवू काय गं?"