खिडकीवरची चिठ्ठी

वणीत कोळशाची धूळ काही विचारून घरात शिरत नाही. म्हणून दीपमाला बारा वर्षं रोज सकाळी फडकं घेऊन अख्खं घर पुसत आली. आणि आता त्याच घरावर तिची धाकटी जाऊ मोनाली चिठ्ठ्या डकवत सुटली होती. स्वयंपाकघरात ‘दाइदोकोरो’, उंबऱ्यापाशी ‘गेनकान’. शब्द जपानी, अक्षरं आपली. मोनालीला जपानात म्हाताऱ्या माणसांच्या सेवेची नोकरी धरायची होती, आणि नागपूरच्या क्लासचे सर दर सोमवारी फोनवर नवे शब्द धाडायचे.

घर पुसायचं दीपमालानं आणि त्याची बारशी करायची हिनं!

खोटं कशाला बोला, दीपमालाच्या पोटात दुखत होतं. बारावीला मार्क तिलाच जास्त होते. लग्नानंतर नर्सिंगचा फॉर्मही तिनं आणला होता, तेव्हा सासू रुखमाबाई म्हणाल्या, घरचं कोण पाहील? आता त्याच रुखमाबाई धाकटीच्या हाती दुधाचा गिलास देऊन म्हणत, बस, तू पाठ कर. जीव जळणार नाही तर काय होईल?

पुसताना चिठ्ठ्या निघायच्या. दीपमाला त्या भाताच्या शितानं परत चिकटवायची, आणि चिकटवताना वाचायची. त्या सोमवारी नव्या चार लागल्या. खिडकीवर मादो, भिंतीवर काबे, खांबावर हाशिरा, फरशीच्या कोपऱ्यात युका. मोनाली लिहून मोकळी व्हायची आणि मग आठवडाभर येता-जाता चिठ्ठ्या वाचून घोकायची. शुक्रवारी सर व्हिडिओवर घर पाहत विचारणार होते. जमलं तर मुलाखतीच्या यादीत नाव, नाही तर पुढचं साल.

मंगळवारी पुसून झाल्यावर दीपमालानं चारही चिठ्ठ्या अदलाबदल करून चिकटवल्या.

शुक्रवारी मोनालीनं फोन धरून खिडकीला हात लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “युका.” भिंतीला ती हाशिरा म्हणाली. सरांनी फक्त उसासा टाकला. चुलीपाशी बसलेल्या दीपमालाला गंमत वाटायला हवी होती. पण इतकं सोपं हिला येत नाही, आणि जपानला जाणार ही! तिला राहवलं नाही.

“खिडकी मादो,” ती बसल्या जागेवरून बोलली. “भिंत काबे. खांब हाशिरा. खालची फरशी युका.”

सर खूश झाले. कोण बोललं हे, त्यांनी विचारलं. मोनाली खिडकीवरची चिठ्ठी पाहत उभी होती. तिच्यावर युकाच लिहिलेलं होतं.

“ताई, चिठ्ठीवर तं दुसरंच हाये. तुमाले खरं कसं मालूम?”

रुखमाबाईही दारात येऊन थांबल्या. दीपमालानं तव्यावरची भाकर उलटली. ती करपली होती.

“मले बी जायचं होतं,” ती म्हणाली.

फोनमधून सर अजून तिचं नाव विचारत होते.