मावशींनी टाळलेला डोह

बीड जिल्ह्यातल्या त्या धरणात पाणी उरलं होतं ते अगदी तळाशी, चहासारखं गढूळ. पाण्यात आवाज सोडून तळाचा नकाशा काढणारं यंत्र माझ्याकडे होतं. काम एवढंच, की सगळ्यात खोल जागा दाखवायची. तिथे पंप बसणार, टँकर भरणार. गावंच्या गावं वाट बघत होती. माझा तर जीव थाऱ्यावर नव्हता. बसलो तरी पाय आपला हलतोय.

नाव मच्छीमार सोसायटीची. वल्हवायला खुद्द चेअरमन मावशी आल्या, कारण बाप्ये सगळे कामासाठी परजिल्ह्यात.

सकाळभर येरझाऱ्या घातल्या. पडद्यावर जुन्या बंधाऱ्याची भिंत उमटली, बुडालेल्या विहिरीचा कठडा उमटला. डोह काही सापडेना. मग ध्यानात आलं, एका ठिकाणी आलं की नाव दरवेळी डावीकडे वळते.

"मावशी, का वळवता हो?" माझं डोकं सणकलं.

"बुडाला बाभळी हायत. नाव अडकंल."

"यंत्राला दिसतील की बाभळी! सरळ घ्या."

"लई घाई हाय तुमाला," म्हणत त्यांनी नाव सरळ घेतली.

बाभळी कुठल्या आल्यात! तळ एकदम खाली गेला आणि त्यावर मासेच मासे, खिचडीत डाळ दिसावी तसे. आटत्या धरणातले सगळे इथेच गोळा झालेले. मावशी वल्हं सोडून पडद्याशी आल्या.

"आगं बया! एवढे?" त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "हितलं पाणी टिकंल, मासे जगतील, त्येच्याच भरवशावर सोसायटी हाय, बाबा. पंप बसला की संपलं. हे पुसता येतं का?"

येत होतं. मला त्यांचा राग आला, माझा आला, आभाळाचा तर आलाच.

"येतं," एवढंच म्हणालो.

त्यांनी पुन्हा वल्हं धरलं. नाव काठाला लागेपर्यंत मी पुसायच्या बटणावर बोट ठेवून बसलो होतो. काठावर पंपाचं काम बघणारे साहेब उभे.

"सापडली का खोल जागा?"

मी मावशींकडे बघितलं.

"सापडली," त्याच म्हणाल्या. "आमचे मासे हायत तितंच. पंप बसवा लवकर. माझ्या लेकीच्या गावाला अजून टँकर गेलेला न्हाई."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उतरा आता. पंप यायच्या आत जाळी टाकायची हायत."