कोपऱ्यावर कोपरा

मी मंजुळाताईंना प्रॅक्टिकलमध्ये नापास केलं, आणि बरोबर त्याच होत्या. मार्कांच्या कागदावर लाल पेनाने 'मूलभूत चूक' असा शेरा मारला, खाली दोन रेघा ओढल्या आणि घरी जाऊन मस्त जेवलो.

भिवंडीतल्या एका सरकारी कम्युनिटी कॉलेजात मी गोदामाचं काम शिकवतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे नोकरी करता करता शिकणाऱ्यांचं कॉलेज. वयाची अट नाही, डिप्लोमा एका वर्षाचा, वर्ग लोकांच्या शिफ्ट सांभाळून. माझ्या वर्गात काल्हेरच्या जागामालकांची मुलं असतात, कापडाच्या लूमवरचे कारागीर असतात, पाड्यावरच्या बायका असतात. मी स्वतः कॉमर्सचा. गोदामाचं माझं शिक्षण म्हणजे एका एसी हॉलमधलं पाच दिवसांचं ट्रेनिंग. त्यातही चौथ्या दिवशी मी चुलत मेव्हण्याच्या लग्नाला गेलो होतो. थप्पीचा धडा त्याच दिवशी झाला, हे मला बरंच नंतर कळलं.

थप्पी म्हणजे एकावर एक रचलेली खोकी. ती पॅलेटवर लावतात. पॅलेट म्हणजे फळ्यांचा जाडजूड पाट, ज्याच्याखाली मशीनचे दात घालून सगळा माल एकदम उचलता येतो. आमच्या पुस्तकात थप्पीचं एकच चित्र आहे: भिंतीत विटा बसवतात तशी खोकी, प्रत्येक थर आधीच्या थरावर सांधा मोडून, म्हणजे वरचं खोकं खालच्या दोन खोक्यांवर अर्धं-अर्धं. तेच मी फळ्यावर काढायचो. चित्र छान यायचं.

परीक्षा शुक्रवारी होती. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमच्या परीक्षाही शुक्रवारीच. परीक्षेसाठी खोकी भरायला दगड कुठून आणणार? जुन्या उत्तरपत्रिका भरल्या. चांगली जड झाली. पहिली थप्पी हर्षलने लावली. काल्हेरचा मुलगा, वडिलांची चार गोदामं, पण ती भाड्याने दिलेली. त्याने हुबेहूब माझं चित्र उभं केलं. मी पैकीच्या पैकी दिले.

मग मंजुळाताई. वडप्याच्या एका गोदामात सहा वर्षं पॅकिंगला. त्यांनी खोक्यावर खोकं सरळ ठेवलं, कोपऱ्यावर कोपरा. खालपासून वरपर्यंत खांबासारखं. फक्त वरचा एक थर आडवा टाकला आणि त्याला सुतळीचा एक वेढा मारला.

मी म्हटलं, "ताई, पुस्तक उघडलं होतं का?"

"सर, त्याचं असं हाय—"

"परीक्षेत बोलायचं नाही."

त्यांनी हात झटकले आणि माझ्याकडे अशी एक नजर टाकली, की मी लगेच लाल पेन काढलं.

सोमवारी सकाळी शिपाई अन्सारीचाचा दारातच भेटले. "सर, टॉपरवाला झुक गया है."

आमच्या हॉलची एक भिंत शेजारच्या लूम शेडला लागून आहे. शनिवार-रविवार लूम धडधडत होते. हर्षलच्या थप्पीतली खालची खोकी फुगून पोट पुढे काढून बसली होती. मंजुळाताईंची थप्पी तशीच्या तशी. मी हर्षलच्या थप्पीजवळ गेलो आणि चाचांना समजावू लागलो, की तत्त्वतः हीच रचना मजबूत असते. 'तत्त्वतः' म्हणताना मी तिच्यावर हात टेकवला.

चाचांनी मला उत्तरपत्रिकांच्या ढिगाखालून ओढून काढलं. "चोट लगी?" त्यांनी विचारलं. लागली होती, पण सांगण्यासारख्या जागी नाही.

दुपारी मी वडप्याला, मंजुळाताईंच्या गोदामातल्या एका मॅनेजरला फोन केला. त्याने दोन वाक्यांत सांगितलं. खोक्याची ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते. खालचा कोपरा वरच्या खोक्याच्या मध्यावर आला, की ती ताकद वाया जाते आणि जड मालात खालचं खोकं बसतं. विटांची रचना हलक्या मालाला ठीक.

"कोणी सांगितली ही रचना जड मालाला?" त्याने विचारलं.

"आहे एक जण," मी म्हटलं.

मंजुळाताईंचं काय अडलं होतं, तेही मला त्याच फोनवर कळलं. त्यांच्या गोदामात सुपरवायझरची जागा रिकामी होती. 'महिनाअखेर डिप्लोमा आण, नाहीतर बाहेरचा माणूस घेऊ,' असं त्यांना सांगितलं होतं. मी प्राचार्य मॅडमकडे गेलो.

"मार्क पोर्टलवर चढलेत. प्रॅक्टिकलला रीचेकिंग नसतं," मॅडम म्हणाल्या. "सहा महिन्यांनी पुरवणी आहे. तेव्हा द्या पास करून."

"नजरचुकीने आकडा चुकला, असं लिहू?"

मॅडमनी माझाच कागद माझ्यापुढे सरकवला. "आणि या दोन रेघाही नजरचुकीनेच का?"

मग मी मंजुळाताईंना बोलावून म्हटलं, "ताई, पुरवणीचा फॉर्म भरा. मी डोळे मिटून पास करतो."

"डोले मिटूनच तर नापास केलंत," त्या म्हणाल्या. "मी चुकले का?"

"नाही."

"मंग परत परीक्षा कशाला? मी न्हाय देनार. सहा महिन्यांनी काय ती जागा माझी वाट बघत बसनार हाय? तुमची चूक तुम्ही निस्तरा."

एवढं बोलून त्या शिफ्टला निघून गेल्या. मला राग यायला हवा होता. आलाही, पण कोणावर काढावा ते सापडेना.

त्या संध्याकाळी मी विद्यापीठाला अर्ज लिहिला. 'विद्यार्थिनीची रचना योग्य होती. परीक्षकास विषयाचे पुरेसे ज्ञान नव्हते.' मॅडमनी तो वाचला.

"असं पाठवलं तर ते विचारतील, याला परीक्षक नेमलं कोणी?"

"तुम्ही, मॅडम."

"म्हणूनच म्हणते, पाठवू नका."

"मग बॅचच्या निकालाच्या कागदावर माझी सही मिळणार नाही." निकालाचा छापील कागद गुरुवारी विद्यापीठात पोचायचा होता आणि परीक्षकाच्या सहीशिवाय तो चालत नाही.

"तुम्ही मला धमकी देताय?"

"हो," मी म्हटलं. आवाज जरा चिरका निघाला, पण शब्द तोच होता.

"मेमो निघेल. सर्व्हिस बुकात जाईल."

"जाऊ दे. एका खोट्या कागदावर सही करून झालीय, दुसऱ्यावर नाही करणार."

मॅडम उठल्या, हॉलमध्ये गेल्या आणि मंजुळाताईंच्या थप्पीला दोन्ही हातांनी चांगला धक्का दिला. थप्पी हलली नाही. मॅडम परत आल्या आणि माझ्या अर्जाखाली लिहिलं, 'परीक्षकास विषयाचे ज्ञान नाही, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.' शिक्का मारला. कागद दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन गेल्या.

मार्क सुधारले. महिना संपायला दोन दिवस उरले असताना मंजुळाताईंना डिप्लोमा मिळाला, आणि जागाही. मला मेमो मिळाला. त्यासोबत विद्यापीठाचा आदेश: परीक्षकाने पंधरा दिवस प्रत्यक्ष गोदामात प्रशिक्षण घ्यावे. काम येणाऱ्या माणसाला नापास करण्याआधी 'असं का केलं?' एवढं विचारायला पाच सेकंद लागतात. मी ते वाचवले आणि पंधरा दिवस घालवले.

गोदाम निवडायची मुभा होती. मी मुद्दाम वडप्याचं तेच निवडलं. लाज वाटायचीच तर जिथे वाटायला हवी तिथे वाटू दे, म्हटलं. पहिल्या दिवशी बाह्या सरसावून पॅलेटजवळ गेलो. पहिलं खोकं ठेवलं, कोपऱ्यावर कोपरा बसवायला दुसरं उचललं. तेवढ्यात मागून पिवळं जॅकेट घातलेल्या सुपरवायझरबाई आल्या आणि माझ्या हातातलं खोकं काढून घेतलं.

"सर, तुम्ही तिकडं खुर्चीत बसून बघा," मंजुळाताई म्हणाल्या. "इथं खाली माझी मानसं काम करतात."