लाटण्याचा कान

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या घरात चार दिवसांपासून अबोला होता. नवराबायको मांजराच्या मार्फत बोलत. "मने, कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर ठेवलाय गं," असं ऐकलं की मिस्त्री गुपचूप उठायचा.

दोष त्याच्या जिभेचा. नेमबाजी शिकवणारी मास्तरीण आपली बंदूक घेऊन आली होती. नळीच्या तोंडात आट्यांवर बसणारा बोटभर चोक, छर्रे किती पसरायचे ते ठरवणारा, गंजून घट्ट रुतला होता आणि रविवारी स्पर्धा. "कसं जमतं हो तुम्हाला?" असं तिनं विचारलं आणि गडी फुगला. म्हणाला, कान लागतो बाई, मिस्त्रीचा कान! आत बायको भांडी घासत होती. ती घासायची थांबली.

कारण खरं असं, की आयुष्यभर बार ऐकून मिस्त्रीचे कान बारीक आवाजाला कधीच कामातून गेले होते; मोठ्यानं बोललेलं तेवढं कळायचं. चोक सुटण्याआधी आत बारीकसा 'टिक्' होतो. तो झाला की पाना फिरवायचा; त्याआधी पुरा जोर लावला की आटे जातात आणि नळी भंगारात. तो टिक् आजवर बायकोच ऐकत आली होती, लाटण्याचं एक टोक नळीवर, दुसरं कानाशी धरून. नाव मात्र मिस्त्रीचं.

सुटी केलेली नळी तीन दिवस तोंड खाली करून तेलात उभी होती. दुपारच्या उन्हात तेल आट्याआट्यांतून वर चढत असेल, असं बघत मिस्त्री पेंगायचा. पेंगेत त्याला सगळं ऐकू यायचं: पागोळ्या, मांजराची घुरघुर, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं बायकोचं गुणगुणणं. जाग आली की पुन्हा कापूस भरल्यासारखं.

शनिवारी त्यानं नळी शिकंज्यात धरली, गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, पाना लावला. जरासा जोर दिला. टिक् झाला की नाही, देव जाणे. हात तिथंच थांबला. नेमकी तेव्हाच मास्तरीण दारात.

मिस्त्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेला. आतून मांजराला सांगणं झालं, की ज्यांचे कान तयार आहेत त्यांनी ऐकावं.

त्यानं मास्तरणीकडे वळून, आत जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "कान माझा नाही बाई. हिचा आहे. मी नुसता पाना फिरवतो."

थोड्या वेळानं लाटणं बाहेर आलं, मागोमाग ती. डोळे मिटून ऐकत राहिली. मिस्त्री तसूतसूनं जोर वाढवत गेला. मग तिनं हलकेच त्याचं मनगट दाबलं. चोक सुटला, तेलाची सोनेरी तार ओढत फिरत फिरत बाहेर आला.

आटे तपासायला त्यानं नळी पुसून उजेडाकडे धरली. आत चांदण्यासारखी उजेडाची कडी, कड्यांच्या टोकाला आभाळ, आणि आभाळाच्या जागी एकदम बायकोचा डोळा. पलीकडून ती नळीत काहीतरी पुटपुटली.

मास्तरणीला ते ऐकू गेलं, मास्तरीणच लाजून लाल झाली, आणि तिच्या तोंडून ते गल्लीभर झालं. मिस्त्रीला एक अक्षर कळलं नाही. त्यानं नेहमीसारखी मान डोलावली.